डेव्हिएशन

नानांनी आयुष्यात एकच गोष्ट न तपासता पास केली आणि ती म्हणजे मी, असं काकू सांगतात. कारणही त्याच देतात. लग्न झालं तेव्हा नाना अजून क्वालिटीला लागले नव्हते.

पुढे लागले, आणि चौतीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या इनकमिंग इन्स्पेक्शनला राहिले. बाहेरच्या वर्कशॉपमधून सुटे भाग यायचे, ते आत घ्यायचे की आल्या टेम्पोनं परत धाडायचे हे नाना ठरवायचे. बुशचा लॉट आला की त्यातले दहा उचलायचे, गो-नो गो गेज घालून बघायचं, एक जरी अडकला तरी खणातून लाल टॅग काढायचा. व्हेंडर बिचारा समोरच्या स्टुलावर बसून कुलदैवताचं नाव घेत असायचा. नानांना त्याचा चहा चालायचा नाही, दिवाळीची मिठाई चालायची नाही आणि 'साहेब, एवढ्या वेळी सांभाळून घ्या' हे वाक्य तर मुळीच चालायचं नाही. माल थोडासाच मापाबाहेर असेल आणि लाइन बंद पडायची वेळ आली असेल, तर कारखान्यात 'डेव्हिएशन' नावाचा एक कागद निघतो. वरचा साहेब सही करतो आणि माल आत जातो. नानांच्या कारकिर्दीत असे कागद निघाले, पण त्यांवर सही करणाऱ्या साहेबांकडे नाना पुढचा आठवडाभर बघत नसत.

निगडीपासून भोसरीपर्यंत दर चौथ्या सोसायटीत असा एक नाना सापडतो. लग्नाच्या मांडवात अक्षता मुठीत धरून तो कमानीचा वेल्डिंग जॉइंट बघत असतो. हॉटेलात डोसा आला की त्याची जाडी एका टोकाला वेगळी आणि दुसऱ्या टोकाला वेगळी का, हे वेटरला विचारतो. आमच्या नानांनी तर एकदा पोळीत ओव्हॅलिटी काढली होती. काकूंनी त्यांच्यासमोर लाटणं ठेवलं आणि म्हणाल्या, "रिवर्क करून दाखवा." त्यानंतर पोळी तपासणीतून वगळण्यात आली.

अशा माणसानं निवृत्तीनंतर कॅम्पर व्हॅन घ्यावी, तीही जुनी, म्हणजे आमच्या प्राधिकरणातल्या गल्लीला काही महिन्यांची करमणूक होती. गाडी २००८ सालची ट्रॅव्हलर. १९८७ मध्ये ती बाजारात आली तेव्हा कंपनी बजाज टेम्पो होती, २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आमच्याकडे लोक अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर' असंच म्हणतात. कंपनी आकुर्डीची, गाडी बनते पिथमपूरला. नानांच्या भाषेत माहेर आकुर्डी आणि जन्म मामाकडे. आधीच्या मालकानं आत ओटा, साठ लिटरची पाण्याची टाकी, दोन बिछाने आणि एक पंखा बसवला होता. आरसीवर रीतसर 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद होती. ती नसती तर नानांनी गाडीला हात लावला नसता. २०२४ च्या दसऱ्याला गाडी दारात आली, काकूंनी चाकांखाली लिंबं ठेवली आणि विचारलं, "मग कोकणात कधी?"

"टायर बदलले की लगेच," नाना म्हणाले.

टायर दिसायला ठणठणीत होते. नक्षी पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. कायद्याला १.६ पुरते, खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. इथे तर तो बिंदू खूप लांब होता. गल्लीतल्या सगळ्यांनी बघून 'अजून दोन वर्षं काढतील' असा निकाल दिला. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या हातात टॉर्च दिला आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवत एका लांबट चौकटीपाशी थांबले. "वाच."

"१९१४."

तेवढ्यात तिथे आलेला शेजारचा कॉलेजातला मुलगा ओरडला, "काका, पहिल्या महायुद्धातलं टायर!"

नानांना विनोद झालेला कळला नाही. त्यांनी त्याला शांतपणे समजावलं की शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१४ चा एकोणिसावा आठवडा, म्हणजे मे महिना. "दहा वर्षं झाली. नक्षी तरुण, पण रबर म्हातारं." मग त्यांनी टायरच्या बाजूवर अंगठा दाबला आणि केसाएवढ्या भेगा उघडल्या. रबरात एक मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो, तो टायर फिरत राहिला की हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतो. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की तो वर येत नाही, रबर सुकतं, तडे जातात. वर गाडीचं वजन त्याच जागेवर. रोज धावणारं टायर गोटा होऊन मरतं, उभं राहणारं असं मरतं.

"म्हणजे नुसतं बसून राहिलं की तडे जातात," काकू पायरीवरून म्हणाल्या. त्या टायरकडे बघत नव्हत्या.

कुणी सुचवलं, कुदळवाडीत जुनी पण चांगली मिळतील. नाना जुनं टायर घेणार नव्हतेच, तरी एक अख्खा रविवार ते तिथल्या भंगाराच्या गोदामांतून टायरांच्या तारखा वाचत हिंडले. "नमुना मोठा पाहिजे," असं म्हणाले. पुढच्या महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, महापालिकेनं कुदळवाडीतली शेडं पाडली. नानांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण गल्लीत तशी आवई उठलीच.

कुठलाही सरळ माणूस दुकानात जाऊन जुन्या मापाचं नवं टायर घेतो. नानांना हा सगळा व्यवहार उलटा वाटत होता. आधी गरज काय ते मोजायचं, मग माल बघायचा. सामान्य व्हॅन सकाळी भरते आणि संध्याकाळी रिकामी होते. कॅम्पर कधीच रिकामी होत नाही; ओटा, टाकी, गॅस, गाद्या, भांडी हे सगळं तिच्या अंगावर रात्रंदिवस असतं, आणि बहुतेक मागच्या चाकांवर. युरोपात अशा गाड्यांसाठी सी-पी अशी अक्षरं असलेलं वेगळं टायर मिळतं, ते याचसाठी. ही माहिती नानांनी मला रात्री साडेदहाला फोन करून दिली. आपल्याकडे ते मिळत नाही, म्हणून आपण हिशेबानंच जायचं, असं ठरलं. 'आपण' म्हणजे ते आणि मी, हे मला तेव्हा कळलं.

हिशेबासाठी गाडीचं वजन हवं. म्हणून आम्ही चाकणला गेलो.

चाकण म्हटलं की बाहेरच्या माणसाला मोटारींचे कारखाने आठवतात. पण त्याआधी आणि अजूनही चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. तिथल्या एका वजनकाट्यावर कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत पडदे लावलेली पांढरी कॅम्पर उभी राहिली, तेव्हा मागचा ड्रायव्हर खाली उतरून काचेतून आत डोकावून गेला. आत ओट्यासमोर काकू बसल्या होत्या. नानांनी सांगितलं होतं की मोजमाप प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत झालं पाहिजे. टाकी पूर्ण भरलेली, सिलिंडर भरलेला, माणसं जागच्या जागी.

पूर्ण गाडी ३१०० किलो भरली. काटेवाल्यानं पावती फाडायला घेतली. नानांनी त्याला थांबवलं, गाडी पुढे घेतली आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली. १७२०. मग गाडी तिरकी घेऊन फक्त डाव्या बाजूची चाकं. १६४०. म्हणजे उजवीपेक्षा डावी बाजू १८० किलोनं जड, कारण ओटा डावीकडे, टाकी डावीकडे. मागे रांगेत हॉर्न सुरू झाले. काटेवाल्यानं विचारलं, "काका, गाडी विकायची आहे का?"

"टायर घ्यायचेत."

त्यानं बऱ्याच गाड्या पाहिल्या असतील, पण हे उत्तर त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं असावं. एवढ्यावर भागलं असतं, पण नानांना 'शुद्ध गाडीचं' वजनही हवं होतं. काकूंना उतरायला सांगितलं. काकू उतरल्या. काटेवाल्याच्या पोरानं खिडकीतून, कर्तव्यबुद्धीनं, रांगेतल्या शेवटच्या ट्रकापर्यंत पोचेल अशा आवाजात आकडा पुकारला, "सत्तरचा फरक!"

"साठ," काकू म्हणाल्या.

"हा काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो," नाना मदतीला धावले, "म्हणजे साठ ते ऐंशीच्या मध्ये काहीही असू शकतं." काकूंनी परतीच्या वाटेवर एक शब्द उच्चारला नाही.

त्या रात्रीचा हिशेब मात्र मानायला हवा. डाव्या बाजूची चाकं मिळून १६४०, त्यांतलं पुढचं साधारण सातशे दहा, म्हणजे मागच्या डाव्या एकट्या चाकावर जवळजवळ ९३०. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, तो त्याच्या ताकदीचा. शंभर असेल तर ८०० किलो, १०४ असेल तर ९००, १०६ असेल तर ९५०. पूर्ण हवेत, अर्थातच. दुकानदार वजन निम्मं निम्मं धरतो, म्हणजे १७२० चे निम्मे ८६०, आणि १०४ चं टायर देऊन मोकळा होतो. ते टायर रोज तीस किलो जास्त उचलत राहतं, तापतं, आणि एखाद्या मे महिन्यात दुपारी घाटात फुटतं. फुटल्यावर सगळे रस्त्याला शिव्या देतात. गल्लीतले आम्ही सगळे नानांना हसत होतो, पण ती हिशेबाची वही पाहिल्यावर मी त्याच आठवड्यात गुपचूप माझ्या गाडीचे टायर वाचून आलो. काय दिसलं ते इथे सांगणार नाही.

"तर १०६," नाना म्हणाले. "वीस किलो शिल्लक राहतात."

"खलबत्ता न्यायचा आहे," काकू म्हणाल्या. हे त्यांचं काट्यानंतरचं पहिलं वाक्य.

मग सुरू झाला टायरचा शोध. कासारवाडीत जुन्या हायवेला एक टायर शेठ आहे. त्याच्याकडे नाना जून ते नोव्हेंबर या काळात अकरा वेळा गेले, त्यांतल्या सात वेळा मी होतो. शेठ भला माणूस. पहिल्या दिवशी त्यानं चहा मागवला. नानांनी घेतला नाही, जुनी सवय. शेठ म्हणाला, तुमच्या २१५ ऐवजी २२५ बसवा, सगळे बसवतात, भरल्यासारखं दिसतं. नानांनी तिथल्या तिथे खडूनं फरशीवर गणित मांडलं. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. २२५ घेतलं की टायरची एकूण उंची पंधरा मिलिमीटरनं वाढते, म्हणजे दोन टक्के. मीटर शंभर किलोमीटर दाखवेल तेव्हा गाडी एकशेदोन चाललेली असेल.

"म्हणजे दोन किलोमीटर फुकट," शेठ म्हणाला.

नानांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी शेठला सांगितलं की मधला 'आर' हा रेडियसचा नसून रेडियलचा आहे. शेठ वीस वर्षं टायर विकत होता. त्याचा चेहरा बघवेना.

पुढच्या फेरीला वेगाचं अक्षर. १०६ नंतर क्यू असेल तर ताशी १६०, आर असेल तर १७० पर्यंत टायर चालतं. नानांना आर हवं होतं. "नाना," शेठ हात जोडून म्हणाला, "ही गाडी बोरघाटातून ढकलून दिली तरी एकशेसत्तर जायची नाही." हे नानांना पटलं, आणि क्यू पास झालं. अकरा फेऱ्यांत शेठला मिळालेला तो पहिला हिरवा टॅग. त्यानं लगेच उत्साहाच्या भरात नायट्रोजन सुचवला. नाना म्हणाले, "हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आधीच आहे. तू उरलेल्या बावीस टक्क्यांचेच पैसे लाव."

खरी गाडी अडली ती आठवड्यावर. टायर ताजं हवं हे कुणालाही समजतं. पण नाना कारखान्यातले. कुठल्या आठवड्यात कामगाराचं चित्त कामावर नसतं, हे त्यांना कुठल्याही पंचांगापेक्षा जास्त ठाऊक. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी असते तो आठवडा बाद. गणपती बसतात तो बाद. बोनस जाहीर व्हायच्या आधीचा बाद, कारण सगळे गेटवर. जाहीर झाल्यानंतरचा बाद, कारण सगळे बाजारात. मार्च अखेर बाद, आकडा गाठायला काहीही पुढे ढकलतात.

"पण नाना, हे टायर तामिळनाडूत बनलंय," मी म्हणालो.

नाना क्षणभर थांबले. "मग पोंगल कधी असतो?"

जानेवारीचा तिसरा आठवडाही बाद झाला. मी मोजून पाहिलं, वर्षाचे बावन्न आठवडे, त्यांतले कामाचे म्हणून सव्वीस उरले. पावसाळ्यातली दमट हवा नानांनी अजून काढली नव्हती, ती काढायच्या आत मी विषय बदलला.

त्या सहा महिन्यांत मला हळूहळू दिसायला लागलं की नाना उजळलेत. निवृत्तीनंतरची दोन वर्षं ते सकाळी पेपर वाचून झाला की दुपारपर्यंत घड्याळाकडे बघत बसायचे. आता साडेआठला इस्त्रीचा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी, गळ्यात चष्म्याची दोरी. शेठच्या दुकानातला पोरगा त्यांना आलेलं बघून आपोआप टायर खाली काढून ठेवायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचा. बसायचा कसा, ते बघून मला तो भोसरीचा व्हेंडर आठवायचा, जो मी कधी पाहिलाच नव्हता. कोकणाचं नाव नानांच्या तोंडी हल्ली येत नव्हतं. नानांच्या पिढीला थांबण्याचं तसं वावडं नाहीच म्हणा. इथेच आकुर्डीत १९७२ पासून चेतक बनायला लागली, आणि शेजारच्या चिंचवडातल्या माणसालाही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. पण चेतकची वाट बघणाऱ्याला निदान चेतक हवी असायची.

हे काकूंना माझ्या आधी कळलं असणार. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्या स्वतः कासारवाडीला आल्या. शेठनं पाच टायर मांडले होते, चार चाकांचे आणि एक स्टेपनीचं. माप बरोबर, १०६ बरोबर, आठ प्लाय बरोबर, आयएसआयचा शिक्का बरोबर. चार टायरांवर चाळिसावा आठवडा. पाचव्यावर ३५२५.

नानांनी डोळे मिटून मोजलं. "ऑगस्टचा शेवट. गणपती बसले तो आठवडा." आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात लाल टॅग नव्हता, निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. पण हात गेला.

"डेव्हिएशन घ्या," काकू म्हणाल्या.

दुकानात शांतता झाली. हा शब्द त्यांनी चौतीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकला होता, वापरला नव्हता.

"त्याला अधिकारी लागतो," नाना म्हणाले.

काकूंनी शेठकडून पेन घेतलं, बिलाच्या मागे 'एक नग, स्टेपनी, चालेल' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली. माहेरच्या नावासकट. नानांनी कागद वाचला, तारीख घातलेली नाही हे दाखवलं, ती घालून घेतली, आणि खिशात ठेवला. शेठनं चहा मागवला. या वेळी नानांनी घेतला.

टायर बसले, अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंगची शिसं नानांनी मोजली. आता कोकणात निघायला काही हरकत नव्हती. पण नव्या टायरांवर गाडी पुन्हा एकदा काट्यावर घालणं आवश्यक होतं, खलबत्त्यासकट. रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं चाकणला गेलो. मागचं डावं चाक नऊशे चाळीसच्या आसपास निघालं, म्हणजे खलबत्ता पास. काटेवाल्याच्या पोरानं या खेपेला काही पुकारलं नाही, त्याला वडिलांनी सांगून ठेवलं असावं.

परत निघालो आणि तळेगाव चौकात अडकलो. चाकणची कोंडी ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. तिथे माणूस अडकत नाही, राहायला येतो. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंपनीची बस, पुढे कोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर, मागे कांदा. अर्ध्या तासानं मोटरसायकलवाल्यांनी इंजिनं बंद केली. तासाभरानं कारमधली मुलं रडायला लागली. नानांनी हँडब्रेक लावला, उठून मागे गेले आणि गॅस पेटवला. काकूंनी खलबत्ता काढला, आलं ठेचलं. मी बिछान्यावर पाय पसरले. पंखा चालू होता. पाण्याची टाकी भरलेली होती. नवे टायर सगळं वजन पेलून स्वस्थ उभे होते, त्यांच्यातलं मेण तेवढं वर येत नव्हतं.

आल्याचा वास बाहेर गेला असावा. मागच्या कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर येऊन काचेवर टकटक करून गेला, मग परत आला. तोच तो, मागच्या खेपेचा.

"काका, फिरायला निघालात वाटतं? कुठं, महाबळेश्वर?"

"कुठं नाही," नाना म्हणाले. "वजन करून आलो."

ड्रायव्हर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना साखर किती ते विचारा."